तापीकाठचा जुना रस्ता : सायकलवरून केलेला एक अभ्यास

कोकणातल्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी सायकल घेऊन निघाला, की त्याच्या एका हाताला समुद्र असतो आणि दुसऱ्या हाताला इतिहास. रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, पुढे सुवर्णदुर्ग अशी पडक्या तटांची माळच त्याला भेटत जाते. त्या प्रवासाची वर्णने आपण हौसेने वाचतो. आम्हां खानदेशी मुलांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. ‘मग आपल्याकडे काय आहे?’ असा प्रश्न गेल्या वर्षी वर्गात निघाला, तेव्हा आमचे इतिहासाचे सर एवढेच म्हणाले, “किनारा नसेल; काठ तर आहे ना?”

त्या एका वाक्यातून हा अभ्यास निघाला. मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवपासून शहादे तालुक्यातल्या प्रकाशापर्यंत तापीच्या संगतीने सायकलवरून जावे, वाटेत जी जुनी स्थळे लागतील ती पाहावीत, आणि ती नेमकी तिथेच का आहेत याचा विचार करावा, असे आम्ही चौघांनी ठरविले. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा हा प्रवास आम्ही डिसेंबरात चार दिवसांत पुरा केला. त्यात जे पाहिले, जे समजले आणि माझ्या हातून जी चूक झाली, ते सर्व या लेखात मांडीत आहे.

नदीचा स्वभाव

प्रथम नदीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा सुमारे २२८ किलोमीटरचा प्रवाह येतो. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धावतात. ही मात्र पश्चिमेची वाट धरते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या लांबट खोऱ्यात गाळाची जाड भूमी, असा आपला प्रदेश आहे. केळी आणि कापूस ज्या मातीवर पिकतात, ती हीच.

पण या गाळाच्या मातीचा आणखी एक गुण आहे, तो काठावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ती सरळ उभी तुटते. त्यामुळे तापीचे काठ पुष्कळ ठिकाणी पाच-सहा पुरुष उंच, भिंतीसारखे उभे आहेत. वर शेत आणि खाली पाणी. मध्ये उतरायला वाट नाही. पावसाचे पाणी या भिंती चिरीत जाते आणि काठालगतच्या जमिनीत खोल घळी पाडते. अशा नदीला मनाला येईल तिथून गाडी, बैल वा लमाणांचा तांडा ओलांडून जाऊ शकत नाही. जिथे एखादी उपनदी येऊन मिळते, तिथे मात्र काठ झिजून उतरता होतो आणि संगमाच्या आसपास गाळवाळू साचून पात्र उथळ बनते. आपल्याकडे अशा जागेला ‘उतार’ म्हणतात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या दक्षिणेकडून आणि सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या उत्तरेकडून तापीला मिळतात.

निघण्यापूर्वी आमचा अंदाज असा होता, की सुरतेला जाणारा जुना व्यापारी रस्ता नदीच्या काठाकाठाने जात असावा आणि जुनी गावे त्या रस्त्यावर ओळीने बसलेली असावीत. हा अंदाज अर्धा खरा आणि अर्धा खोटा ठरला. खोटा कसा ठरला, ते सायकलींनीच आम्हांला शिकविले.

सायकलच का ?

काहींनी आम्हांला विचारले, की मोटारसायकलवर दोन दिवसांत होणारे काम चार दिवस कशाला लांबवायचे? याचे उत्तर असे, की मोटारसायकलवरून चढ-उतार कळत नाहीत. सायकलस्वाराच्या मांड्यांना जमिनीचा प्रत्येक चढ मोजावा लागतो. नाला आला की उतरणे, पलीकडे चढणे, वाळूत सायकल हातात धरून ढकलणे, यातून जमिनीचा नकाशा अंगात उतरतो. बैलगाडीच्या काळातल्या माणसाने रस्ता निवडताना ज्या गोष्टींचा विचार केला असेल, त्या सायकलस्वाराला आपोआप कराव्या लागतात.

आमच्यापैकी दोघांच्या सायकली साध्या होत्या, दोघांच्या गिअरच्या. सामान बेताचेच होते : पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, पान्हे, चेनचे तेल, अंथरूण-पांघरूण, एक वही आणि एक मोजपट्टी. काठाकडच्या वाटांवर बाभळीच्या काट्यांनी चार दिवसांत आमची नऊ पंक्चरे केली. म्हणून ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी सोल्युशनची एक नळी जास्तच न्यावी.

चांगदेव : दोन नद्यांच्या भेटीचे ठिकाण

सायकली टेम्पोत टाकून आम्ही मुक्ताईनगरला उतरलो आणि तिथून चांगदेव गाठले. तापी आणि पूर्णा यांचा हा संगम. येथले दगडी मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांपैकी आहे. काळ्या दगडाच्या कोरीव थरांवरून सकाळचे ऊन सरकताना पाहत आम्ही बराच वेळ बसलो.

चांगदेवांना ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या आणि मुक्ताबाईंचे त्यांना लाभलेले मार्गदर्शन ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मुक्ताबाई शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, याच परिसरात अंतर्धान पावल्या अशी वारकरी परंपरा सांगते. मेहूण आणि कोथळी येथे त्यांची मंदिरे आहेत, कोथळीहून त्यांची पालखी दर वर्षी पंढरपूरला जाते आणि महाशिवरात्रीला या भागात मुक्ताई-चांगदेवांची मोठी यात्रा भरते.

अभ्यासाच्या दृष्टीने आम्हांला महत्त्वाचे वाटले ते स्थान. पूर्वेकडे बऱ्हाणपूर-असीरगडची खिंड आहे. सातपुडा तिथे खाली बसलेला असल्यामुळे उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत येणाऱ्यांची ती नैसर्गिक वाट होती. तिथून खाली आलेल्या माणसाला वऱ्हाडाकडे वळायचे असो की अजिंठ्याच्या घाटाकडे, या दोन नद्यांचा विचार करावाच लागे. अशा जागी देऊळ उभे राहिले यात नवल नाही. जिथे माणसे थांबतात तिथे देव बसतो, असे आमच्यातला एकजण म्हणाला, ते मी वहीत लिहून ठेवले.

आज संगमाचे रूप बदलले आहे. खाली भुसावळ तालुक्यात १९८२ साली पूर्ण झालेल्या हतनूर धरणाचा फुगवटा इथवर येतो. ४१ दरवाजांच्या या धरणाने जळगाव जिल्ह्याला पाणी दिले, आणि त्या पाण्यावर हिवाळ्यात पुष्कळ पक्षी उतरतात. परंतु जुना माणूस नदी कुठून ओलांडीत होता, हे आता तुंबलेल्या पाण्याकडे पाहून कळत नाही.

काठ सोडून गेलेला रस्ता

भुसावळला पूल ओलांडून आम्ही उत्तर काठाला आलो. आता इथून पुढे नदीच्या कडेकडेनेच जायचे, असा आमचा हट्ट होता. फोनवरच्या नकाशात शेतातून जाणारी वाट दिसत होती. तीन-चार किलोमीटर गेल्यावर पहिली घळ लागली. सायकली खांद्यावर घेऊन ती ओलांडली. थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत आम्ही जेमतेम सहा किलोमीटर पुढे सरकलो होतो आणि तिघांच्या चाकांतली हवा गेली होती. केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या एका काकांनी आमची अवस्था पाहिली आणि हसून विचारले, “अरे बाबांनो, धड रस्ता सोडून इकडे कुठे? काठाने कोणी जातं का?”

काकांचे ते वाक्य म्हणजे आमच्या अभ्यासातला पहिला धडा होय. काठाने कोणी जात नाही! आम्ही मुकाट्याने यावलचा रस्ता धरला. रात्री नकाशा उलगडून पाहिला तेव्हा ध्यानात आले, की रावेर, सावदे, फैजपूर, यावल, चोपडे, शिरपूर, शहादे ही सर्व मोठी गावे नदीच्या काठावर नाहीतच. ती नदीपासून बरीच आत, सातपुड्याच्या पायथ्यापासूनही काहीशी दूर, अशा मधल्या सपाट पट्ट्यात ओळीने बसलेली आहेत. काठाजवळ घळी, डोंगराजवळ दगडगोटे आणि ओढे. दोहोंच्या मध्ये गाडी चालेल अशी जमीन. आजचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग याच ओळीने जातो.

सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला या बाजूने गेला. त्याने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे ही नावे येतात. नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची त्याने तारीफ केली आहे. आता ही नावे नकाशावर जोडून पाहा. नवापूर आणि नंदुरबार तापीच्या दक्षिणेस आहेत. थाळनेर आणि चोपडे उत्तरेस. म्हणजे नंदुरबार आणि थाळनेर यांच्या दरम्यान कुठेतरी त्याला तापी ओलांडणे भाग होते. रस्ता नदीपासून दूर राहतो आणि फक्त ओलांडण्यापुरता नदीपाशी येतो. जिथे येतो, तिथे किल्ला, घाट, देऊळ, बाजार उभा राहतो. आमचा अंदाज आता सुधारून असा झाला.

चोपड्याच्या अलीकडे उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवून बसलो आणि दोन दिवसांचा शीण घालविला. त्या रात्री एका मित्राच्या मामांकडे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली.

थाळनेर

तिसऱ्या दिवशी महामार्ग सोडून दक्षिणेला वळलो आणि थाळनेरला पोहोचलो. लता मंगेशकर यांचे आजोळ म्हणून हे गाव आज लोकांना माहीत असते. पण एके काळी ते एका राज्याची राजधानी होते. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर व करवंद ही जहागीर दिली. त्यातून फारुकींचे राज्य उभे राहिले. १३९९ मध्ये मलिक राजा वारला आणि थाळनेरलाच त्याचे दफन झाले. त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला आणि तापीच्याच काठी, वरच्या अंगाला, बऱ्हाणपूर वसविले. नासिरखानाच्या ‘खान’ या किताबावरूनच ‘खानदेश’ हे नाव पडले, असे एक मत आहे. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि हे राज्य संपले. अकबराने मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ असे नाव दिले खरे, पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही.

फारुकींचे मकबरे गावात आहेत. त्यांतला अष्टकोनी मकबरा नक्षीदार दगडी कामामुळे वेगळा उठून दिसतो. किल्ल्याचे मात्र मातीचे ढिगारे झाले आहेत. एका बाजूला तापीचा उभा काठ आणि इतर बाजूंना खोल घळ, अशी त्याची रचना होती. म्हणजे ज्या घळींनी आमच्या सायकली अडविल्या, त्याच घळींचा येथे खंदक म्हणून उपयोग केलेला होता. पूर्वेकडे एकच वाट आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे होते.

या दरवाजांत २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जे घडले ते प्रत्येक खानदेशी विद्यार्थ्याला माहीत असावे. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. त्याप्रमाणे थाळनेर ताब्यात घेण्यास सर थॉमस हिस्लॉप सैन्यासह आला. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला खाली करण्यास नकार दिला आणि तोफा-बंदुका सुरू झाल्या. बाहेरचे दरवाजे पडल्यावर बोलणी झाली. आतल्या दरवाजाची दिंडी उघडून काही इंग्रज अधिकारी आत शिरले. तिथे गोंधळ उडाला, शस्त्रे चालली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर इंग्रजी फौजेने आतल्या सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल केली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिली. या कृत्यावर पुढे खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न उठले. १८१९ मध्ये सैन्याच्या आभाराचा ठराव करताना थाळनेरचे प्रकरण त्यातून बाजूला ठेवावे लागले.

आम्ही गेलो तेव्हा त्या जागी दोन मुले शेळ्या चारीत होती. ते दरवाजे नेमके कुठे होते, हे दाखविणारी एखादी पाटी आमच्या तरी दृष्टीस पडली नाही. आम्ही जुन्या वर्णनावरून अंदाज बांधीत फिरलो.

थाळनेर इथेच का, याचे उत्तर शिरपूरच्या वाटेवर मिळाले. उत्तरेस सेंधव्याचा घाट आहे; माळव्यातून उतरणारी वाट तिथून येते. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही त्याच घाटाने येऊन शिरपूरजवळ तापी ओलांडतो. माळव्याकडून दक्षिणेला जाणारी वाट आणि बऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारी वाट यांची फुली या टापूत पडते. त्या फुलीवर जो बसेल त्याला दोन्ही रस्त्यांची जकात मिळणार! पलीकडे दक्षिण काठी पांझरा तापीला मिळते तिथे मुडावदचे कपिलेश्वर मंदिर आहे, हेही याच विचाराशी जुळते.

मग हे वैभव ओसरले कशाने? एक कारण रेल्वेचे आहे. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळला पोहोचला आणि १९०० च्या सुमारास सुरतेकडून अमळनेरकडे येणारी तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. ती नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडे अशी दक्षिण बाजूने आली. माल त्या बाजूला वळला. उत्तर काठचे उतार ओस पडले.

पांढरी

आता माझ्या चुकीविषयी सांगतो. शिरपूर सोडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा नदीकडे वळलो होतो. एका लहान गावाच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता आणि एका टेकाडाची माती भरली जात होती. खोदल्यामुळे टेकाडाला दीड पुरुष उंचीचा उभा काप पडला होता.

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन प्रकार सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे एकाच जागी चुलींची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडे, खापरे साचत गेली, की जमीन उंच होते आणि तिचा रंग फिकट पांढुरका होतो. गाव उठून दुसरीकडे गेले तरी पांढरी तशीच राहते. शिवारात एखादे फिकट रंगाचे टेकाड दिसले आणि पायाखाली खापऱ्या वाजू लागल्या, की तिथे जुनी वस्ती होती असे समजावे. ही माती खत म्हणून चांगली असते आणि धाब्याच्या घरांवर टाकायलाही वापरतात. त्यामुळे शेतकरी ती नेतो. यात त्याचा दोष नाही. कायदा आहे तो सरकारने जाहीर केलेल्या स्मारकांसाठी. १९५८ च्या त्या कायद्याच्या यादीत चांगदेवचे देऊळ आहे, पण गावोगावच्या पांढरीला कोणी यादीत घातलेले नाही आणि त्या मातीत काय आहे हे शेतकऱ्याला कोणी सांगितलेले नाही.

त्या कापात थर स्पष्ट दिसत होते. राखेची करडी रेघ, तिच्याखाली चोपलेली जमीन, पुन्हा राख. खापऱ्या जागोजागी बाहेर डोकावत होत्या. एका आजोबांनी विचारले, “काय सोधी ऱ्हायनात भो? आठे काय शे, नुसता खापरं शेतस.” मी वाकून एक खापरी ओढून काढली. पुसून पाहिली तो लालसर पृष्ठावर काळ्या रेघा! मला इतका आनंद झाला की ती रुमालात बांधून खिशात टाकली आणि आम्ही पुढे निघालो.

प्रकाशा

दुपारनंतर प्रकाशा गाठले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. केदारेश्वराचे देऊळ आणि नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या पाहिल्या की ते नाव सार्थ वाटते. पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

पुरातत्त्वाच्या अभ्यासात प्रकाशाचे नाव देशभर आहे ते १९५४-५५ मध्ये बा. के. थापर यांनी केलेल्या उत्खननामुळे. पंधरा मीटरांहूनही उंच असलेल्या येथल्या टेकाडात त्यांना वस्तीचे चार कालखंड सापडले. सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगातले, इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातले शेतकरी. त्यांच्या वस्तीत दगडाची बारीक पाती आणि रंगविलेली भांडी होती. काही भांडी माळव्याच्या पद्धतीची, काही पुढच्या काळातली जोर्वे पद्धतीची, म्हणजे प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी. मग वस्तीत खंड पडतो. त्यानंतर लोखंड वापरणारे लोक येतात. त्यांच्या थरात चकचकीत काळी भांडी मिळाली. ती गंगेच्या खोऱ्यातल्या नगरांची ओळख मानली जाते. त्यावर सातवाहन आणि नंतरचा काळ, आणि सर्वांत वर अकराव्या शतकापर्यंतची वस्ती.

थोडा विचार करा. माळव्याचे भांडे, प्रवरेकाठचे भांडे आणि गंगेकाठचे भांडे एकाच टेकाडात! सेंधव्याचा घाट, दक्षिणेचे घाट आणि तापीचा उतार यांच्यामुळे जी फुली पडली, ती ताव्हेर्निएच्या काळातली नव्हे. ती तीन-साडेतीन हजार वर्षांची आहे. राज्ये बदलली, पण नदी ओलांडायच्या जागा बदलल्या नाहीत. आजही शहाद्याहून नंदुरबारला जाणारा पूल प्रकाशालाच आहे. गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथेही उत्खननात अशीच ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती मिळाली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला नाव मिळाले आहे, आणि साक्री तालुक्यातल्या कवठे येथे दख्खन महाविद्यालयाने त्याच संस्कृतीचे घर-अंगण उकरून दाखविले आहे.

प्रकाशाच्या पुढे हा मार्ग सायकलस्वाराला समुद्रापर्यंत नेत नाही. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयाने खालचे खोरे भरले आहे. वर सुलवाडे, सारंगखेडे आणि प्रकाशा येथे बंधारे झाले आहेत. शेतीला त्यांची गरज आहे, हे आम्ही शेतकऱ्यांचीच मुले असल्याने जाणतो. पण उतार पाण्याखाली गेले, आणि पांढरीही ट्रॅक्टरमधून गेली, तर हा सगळा इतिहास वाचायचा कुठे?

परत आल्यावर

महाविद्यालयात परतल्यावर मी मोठ्या दिमाखात रुमाल सोडून ती खापरी सरांपुढे ठेवली. सरांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारले, “टेकाडाच्या कोणत्या बाजूची? जमिनीपासून किती खाली? राखेच्या रेघेच्या वर होती की खाली?” मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती, वही होती. मी काहीच लिहिले नव्हते. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “खातेवहीतलं पान फाडून आणलंस, पण पानावरचा आकडा तिथेच राहिला.”

पंधरा दिवसांनी एका रविवारी मी एकटाच एसटीने शिरपूरला गेलो आणि तिथून भाड्याची सायकल घेऊन त्या गावी पोहोचलो. जागा शोधायला वेळ लागला, कारण टेकाडच उरले नव्हते. सपाट केलेल्या जमिनीत हरभरा पेरायची तयारी चालली होती. तेच आजोबा बांधावर बसले होते. त्यांनी मला ओळखले आणि चहा पाजला. ती खापरी आज आमच्या विभागाच्या कपाटात आहे. तिच्याखालच्या चिठ्ठीवर ‘स्थान : निश्चित नाही’ असे लिहिलेले आहे. ते अक्षर माझेच आहे.

निष्कर्ष आणि एक सूचना

या अभ्यासातून तीन गोष्टी हाती लागल्या, असे मला वाटते. एक : तापीकाठचा जुना रस्ता काठाने जात नव्हता, तो मधल्या सपाटीने जाई आणि ओलांडण्यापुरताच नदीपाशी येई. दोन : चांगदेव, थाळनेर, प्रकाशा ही स्थळे अशा ओलांडण्याच्या जागी, संगमाशी किंवा घाटवाटांच्या फुलीवर आहेत, त्यामुळे निरनिराळ्या काळांतली, निरनिराळ्या धर्मांची माणसे तिथेच पुन्हा पुन्हा वसली. तीन : संरक्षित स्मारके म्हणजे या इतिहासाचा लहानसा भाग, मोठा भाग नावनिशाणी नसलेल्या पांढरीत आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत जात आहे.

सूचना साधी आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. गावोगाव हिंडून, लोकांच्या घरांतली दप्तरे उघडून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापली. आपल्याला दप्तरे शोधायला हिंडायचेही नाही. आपल्या महाविद्यालयातली बहुतेक मुले खेड्यांतून येतात. प्रत्येकाने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावची पांढरी पाहावी आणि एका पानावर सहा गोष्टी लिहाव्यात : गावाचे नाव, जवळची नदी वा ओढा, टेकाडाची लांबी-रुंदी-उंची, पृष्ठभागावर काय दिसते, तिथली माती नेली जाते का, आणि म्हातारी माणसे त्या जागेला काय म्हणतात. सोबत एक छायाचित्र असावे. उचलायचे मात्र काहीही नाही. खापरी जिथे आहे तिथेच ठेवावी आणि फक्त तिचा पत्ता आणावा.

अशी शंभर पाने जमली, तर खानदेशच्या जुन्या रस्त्यांचा नकाशा आपल्याच ग्रंथालयात तयार होईल. इतिहास विभागात त्यासाठी एक फाईल उघडली आहे. तिच्यातले पहिले पान मी माझ्या गावाचे लावले आहे. दुसरे कोणी लावील याची वाट पाहतो.